चाळीस घरं, शंभर सूत

सोमवार, २ तारीख

ही वही मापं टिपायला आणली होती. पण आता मापं टिपायचं काम उरलंय असं दिसत नाही, तेव्हा कोऱ्या पानांचं काय करायचं म्हणून बसल्या बसल्या लिहितो.

आज सकाळी चहाच्या वेळी चिरंजीवांनी विषय काढला. मागच्या महिन्यात लेथवर माझा अंगठा कापला, सहा टाके पडले, तेव्हापासून त्याच्या पोटात होतंच. म्हणाला, "बाबा, या वेळी अंगठा जागेवर होता म्हणून टाके घालता आले. पुढच्या वेळी टाके कशाला घालणार?" जुनी मशिनं घेणाऱ्या माणसाशी त्याचं बोलणं झालंय. तीस तारखेला टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी बरं म्हटलं.

ही आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला एवढंच. सूनबाई ब्रेडला लोणी लावत होती. तिचं माझं सहा वर्षांत 'जेवलात का' आणि 'छत्री घेतलीत का' याच्या पलीकडे फारसं गेलेलंच नाही. मुलगी वाईट नाही, पण अबोल. आमचं काही जमेल असं मला वाटत नाही.

दुपारी शेडमध्ये जाऊन लेथ पुसला. विकायचाच आहे तर कशाला पुसायचा, असं मनात आलं. तरी पुसला.

गुरुवार, ५

आज अजब झालं. सूनबाई शेडमध्ये आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. हातात एक प्लॅस्टिकची नळी, बोटाएवढी. एका बाजूनं हवा सोडली की आतला दट्ट्या बाहेर येतो, दुसऱ्या बाजूनं सोडली की आत जातो.

खेळण्यातल्या त्या बटणांच्या विटा असतात ना, एकीवर एक बसणाऱ्या, त्यांचे मोठमोठे नमुने करणारी मोठी माणसं असतात, हे मला माहीत नव्हतं. सूनबाई त्यांतली निघाली. रविवारी 'मैत्रिणींकडे' जाते ते तिकडे. या मंडळींनी वाचनालयाच्या दालनासाठी एक पूल बांधलाय, दोन्ही हात पसरून होतो तसल्या माझ्या दोन वावांहून लांब. खालून जहाज आलं की मधला तुकडा आडवाच्या आडवा वर उचलायचा. उचलायला चार मनोऱ्यांत असल्या चार नळ्या, म्हणजे सिलिंडर, हवेत. खेळण्यातले सिलिंडर एवढेसे, त्यांच्यानं तो सात किलोचा तुकडा कुठचा उचलायला. बाजारातले कारखान्याचे, विटांत बसत नाहीत. उद्घाटन अठ्ठावीस तारखेला.

"बाबा, तुम्ही कराल का?"

मी म्हटलं, मी फवारणीचे पंप नि स्टोव्हचे पंप दुरुस्त करण्यात जन्म घालवला. कारखान्यात एक दिवस गेलो नाही. लेथ शिकलो तो शेजारच्या वर्कशॉपच्या खिडकीतून बघून. हे असलं मला यायचं नाही.

"मग बाजारात बघते," म्हणाली आणि ती नळी माझ्या टेबलावर तशीच विसरून गेली.

शुक्रवार, ६

नळी उघडून बघितली. नुसतं बघायला.

हा उलटा पंप आहे. पंपात माणूस दट्ट्या ढकलतो आणि हवा बाहेर पडते. इथे हवा दट्ट्या ढकलते. आयुष्यभर मी हवेला बाहेर घालवत आलो, आता तिच्याकडून काम करून घ्यायचं. एवढंच.

संध्याकाळी सूनबाईला म्हटलं, बघतो करून एखादा छोटा. ती म्हणाली, बरं. तिचे कान लाल झाले होते, बहुतेक उन्हातून आली असावी.

मंगळवार, १०

ती मापं 'घरां'त सांगते. विटेच्या डोक्यावरच्या एका बटणापासून शेजारच्या बटणापर्यंत एक घर. सगळं जग घरांत. पट्टी पंधरा घरांची, मनोरा साठ घरांचा. मला ही भाषा आवडली. माझी फूटपट्टी लावून बघितली, तर एक घर म्हणजे बरोबर अडीच सूत. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, तसली अडीच. मी खूश झालो. आपल्या सुतात बसणारी वस्तू परकी वाटत नाही.

आठ घरांचा नमुना केला. वीस सूत. पितळी नळी, दोन्ही टोकांना दोन कान, कानांत भोकं. ही भोकं विटांच्या पट्टीतल्या भोकांसमोर आली की त्यातून खिळी घालायची. पहिल्या कानात खिळी सरकन गेली. दुसऱ्यात जरा दामटावी लागली. नवीन वस्तू थोडी घट्ट असायचीच.

सूनबाईनं फुंकर मारली, दट्ट्याची दांडी बाहेर आली. पुन्हा मारली. सात-आठ वेळा. मग माझ्याकडे बघितलं आणि हसली. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत तिचे, हे आज समजलं.

बुधवार, ११

सूनबाईनं एक भिंगाचा दिवा आणून दिला. टेबलाला लावायचा, खाली धरलेली वस्तू चौपट दिसते. म्हणाली, ऑफिसात जुना पडून होता. जुना म्हणे, पण मानेवरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. हल्लीची ऑफिसं फार उधळी.

शिवाय ती आता दुपारभर शेडमध्येच बसते, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. घरापेक्षा शेडमध्ये नेट चांगलं येतं म्हणे. चारी बाजूंनी पत्रा आहे आमच्या शेडला. विज्ञानाचं काय सांगावं.

मी लेथ चालू करून चक फिरवायला लागलो की मात्र तिचं टाइप करणं थांबतं. आवाजानं लक्ष लागत नसेल.

शनिवार, १४

बादलीत बुडवून बघितलं. सायकलचं पंक्चर बघतात तसं. नुसते बुडबुडे. दांडी जिथून बाहेर येते तिथून हवा गळते. पंपाला ही भानगड नसते, तिथे दांडीकडची बाजू उघडीच असते.

मी म्हटलं, चामड्याचा वायसर घालू, वाटीसारखा, तेलात मुरवून. चाळीस वर्षं तेच घातलं. सूनबाई म्हणाली रबरी कडी. मी म्हटलं चामडं. ती म्हणाली रबर. ही दारात उभी होती, म्हणाली, "दोघं मिळून एकदाचं फुगा तरी फुगवा." आणि गेली.

शेवटी दट्ट्याला माझं चामडं आणि तोंडाला तिचं रबर. बादलीत बुडबुडा नाही. एकसुद्धा नाही. मी तीनदा बघितलं.

रविवार, १५

त्यांच्या मंडळींतले दातांचे डॉक्टर सिलिंडर बघायला आले होते. पुलाचा नकाशा त्यांचाच. भला माणूस, पण समोरच्याच्या दातांकडे बघत बोलतो. दांडी आतबाहेर करून बघितली आणि म्हणाले, काका, आम्ही तर विजेच्या मोटारीवरच उचलणार होतो, सगळं बसवूनही झालं होतं, या महिन्यातच तुमच्या सूनबाईंनी हट्ट धरला की हवेवर करायचं.

सूनबाईनं त्यांना चहा घ्यायला आत नेलं. फार घाईनं नेलं. मोटार बिघडली असणार, आणि लोकांपुढे सांगायला लाज वाटत असणार. मीही काही विचारलं नाही.

गुरुवार, १९

दोन मोठे झाले. हात थरथरतो तो सकाळी कमी थरथरतो, म्हणून सकाळी काम. बाकी विशेष नाही. गेल्या दहा-बारा दिवसांत अंगठ्याची आठवण झाली नाही.

शनिवार, २१

चारही झाले. चाळीस घरांचे. चाळीस घरं म्हणजे बरोब्बर शंभर सूत. आकडासुद्धा कसा गोजिरवाणा. ओळीनं टेबलावर ठेवले तर पितळ असं चमकलं की हीसुद्धा पदराला हात पुसत बघायला आली. म्हणाली, लग्नातल्या तांब्यांना कधी एवढी चकाकी आणली नाहीत.

चिरंजीवही आला. एक उचलून वजन घेतलं, दांडी ओढून बघितली. चांगलं झालंय म्हणाला. मग माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाला, "तीस तारखेचं लक्षात आहे ना?"

मी म्हटलं, आहे.

रविवार, २२

बसले नाहीत.

चारातला एकही बसला नाही. वाचनालयाच्या दालनात सगळी मंडळी गोळा झाली होती. खालच्या कानात खिळी गेली, वरचं भोक पट्टीच्या भोकासमोर येईना. अर्धं झाकलेलं, ग्रहण लागल्यासारखं. मी दामटायला गेलो तर विटांचा अख्खा मनोरा कुरकुरला. डॉक्टर म्हणाले, राहू द्या काका, बघू काहीतरी. एवढ्या हळू आवाजात म्हणाले की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

घरी येताना सूनबाई गाडी चालवत होती. मी चारही सिलिंडर मांडीवर घेऊन बसलो होतो. मुलाचं खरं आहे. डोळे गेले, हात गेले, आता मापही गेलं. तीसची वाट कशाला बघायची, उद्याच टेम्पो आणायला सांगावं.

सोमवार, २३

सकाळी शेडमध्ये गेलो तर सूनबाई आधीच तिथे. व्हर्नियर घेऊन चारही सिलिंडर मोजून बसलेली.

"बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"चारही सारखेच चुकलेत. अगदी केसाचाही फरक नाही. हात थरथरून झालेली चूक अशी चारदा सारखी होत नाही. तुम्ही एक घर म्हणजे किती धरलंत?"

"अडीच सूत."

"सूत म्हणजे?"

आता सहा वर्षं या घरात राहून सूत माहीत नाही म्हणजे काय. पण तिला कोण सांगणार, मीच कधी सांगितलं नव्हतं. पट्टी काढून दाखवलं. तिनं कागदावर गणित मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. मग कागद माझ्याकडे फिरवला. एक घर म्हणजे आठ मिलिमीटर. अडीच सूत म्हणजे आठला केसभर कमी. एका घरात ते कुणाच्या बापाला दिसणार नाही. आठ घरांत अर्धा मिलिमीटर, तो मी दामटून बसवला. चाळीस घरांत केस केस साठून अडीच मिलिमीटर.

मी वहीचं मागचं पान काढलं. नवीन वस्तू घट्ट असायचीच, असं या वहीत मीच लिहिलंय. वस्तू बिचारी सांगत होती, मी तिला हातोडी दाखवली.

म्हटलं, माझी चूक. तू म्हणत होतीस तेव्हाच बाजारात बघायला हवं होतंस.

ती म्हणाली, "चूक माझी आहे. मी तुम्हाला घरं सांगितली, घर केवढं ते सांगितलं नाही. आणि बाबा, शंभर सूत तुम्ही केसाचाही फरक न करता चारदा कापलंत. कुठला कारखानासुद्धा एवढं अचूक देत नाही."

मग आम्ही चारही नळ्या पुन्हा समोर ओढल्या. नवी नळी आणून पुन्हा सगळं करायला दिवस नाहीत. मी म्हटलं, पितळ काही ओढून लांब होत नाही. ती म्हणाली, "नळी कशाला लांब करायची? कान सरकवू या."

कान कथलानं तर जोडलेत. तापवले की सुटतील, अडीच मिलिमीटर सरकवून पुन्हा जोडायचे. कानाच्या पुढे नळी अंगठाभर उरलीच आहे. इतकं सोपं, आणि मी रात्रभर छताकडे बघत पडलो होतो.

मंगळवार, २४

दट्टे, चामडं, रबर सगळं बाहेर काढलं, नाहीतर आचेनं जळायचं. मी कथील वितळवायची बत्ती धरली, तिनं चिमट्यानं कान सरकवले. मधे आठ मिलिमीटरच्या विटाच मापाला ठेवल्या, पट्टी लांब ठेवून दिली. पहिला कान सरकवताना माझा हात थरथरला. तिनं माझ्या कोपराखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला. हात थांबला. मला वाटतं तो ठोकळा तिनं आधीच कापून आणला होता, कारण उंची बरोबर होती. योगायोग.

शेडच्या भिंतीवर खडूनं मोठं लिहून ठेवलं, १ घर = ८.

शुक्रवार, २७

बसले. चारही. खिळ्या अशा गेल्या जशी लोण्यात सुरी.

पण हवेचं मशीन लावून (आज वाचनालयाला सुट्टी) हवा सोडली तर एक कोपरा मागे राहिला. पूल तिरका झाला आणि वरची खेळण्यातली मोटार घसरत जाऊन कडेला टेकली. मग प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाला हवा कमीजास्त करायचा एक स्क्रू आहे, तो धरून बसलो. सूनबाई पुलावर पाणसळ ठेवून तिच्यातल्या बुडबुड्याकडे बघायची आणि एक बोट वर किंवा खाली करायची. मी स्क्रू पाव फेरा आवळायचो किंवा सोडायचो. चार तास. दोन-अडीच तासांनी तर तिनं बोट उचलायच्या आधीच मला हवेच्या आवाजावरून समजायला लागलं. शेवटी बुडबुडा मधोमध बसला आणि वर जाईपर्यंत हलला नाही. आम्ही डबा उघडला तेव्हा कळलं की जेवायची वेळ होऊन गेलीय.

शनिवार, २८

आज काय काय झालं ते नीट लिहितो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर.

दालन भरलेलं. शाळांची पोरं पुढे मांडी घालून. डॉक्टरांनी हवेचं मशीन सुरू केलं, ते असं धडधडलं की पुस्तकांच्या कपाटांच्या काचा वाजायला लागल्या. ग्रंथपालबाई तरातरा आल्या. 'शांतता राखा' या पाटीकडे बोट केलं आणि सरळ प्लग काढला. म्हणाल्या, हे मशीन माझ्या वाचनालयात चालणार नाही. डॉक्टरांनी गयावया केली. बाईंचं उत्तर एकच, पाटी वाचा.

सगळ्यांची तोंडं उतरली. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हवा लागते, मशीन कशाला लागतं? आणि चिरंजीवांना घरी पिटाळलं. शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली माझा फवारणीचा पितळी पंप आहे, मीच बनवलेला, याचा जन्म व्हायच्या आधी. वीस मिनिटांत घेऊन आला. नळी जोडली. मी मूठ धरायला गेलो तर म्हणाला, बाबा, तुम्ही बाजूला व्हा, अंगठ्याला जपा. मी म्हटलं, मग तू मार.

त्यानं मारला. पहिल्या हाताला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्याला चारही दांड्यांनी एकदम श्वास घेतल्यासारखं झालं आणि पूल उठला. आवाज नाही, नुसता चामड्याचा एक बारीक सुस्कारा. आडवाच्या आडवा, पाण्यासारखा सपाट. वर मोटारगाड्या उभ्या होत्या त्यांतली एकही हलली नाही. खालून पोरांनी जहाज ढकललं. ते पार गेलं आणि सगळं दालन असं ओरडलं की ग्रंथपालबाईंनी या वेळी पाटीकडे बोट केलं नाही, कारण त्या स्वतः टाळ्या वाजवत होत्या.

पुन्हा करा, पुन्हा करा, पोरं ऐकेनात. चिरंजीवांनी सतरा वेळा पूल उचलला. घामाघूम. शेवटी एका मुलीनं त्याला विचारलं, काका, हा कुणी बनवला? त्यानं पंपाची मूठ सोडली नाही. मानेनंच माझ्याकडे दाखवून म्हणाला, "माझ्या बाबांनी. पंपसुद्धा."

मी चष्मा पुसला. दालनात धूळ फार आहे, बाईंना सांगायला हवं.

सोमवार, ३०

सकाळपासून शेडचं दार उघडं ठेवून बसलो. लेथला तेल दिलं. शब्द दिला तो दिला. दहा वाजले, अकरा वाजले, टेम्पोचा पत्ता नाही. चिरंजीवांनी फोन केला. माझ्यासमोरच केला. माणूस उलट त्याच्यावरच चिडला, म्हणाला, तुमच्या घरून चार तारखेलाच फोन आला होता की मशीन विकायचं नाही.

चार तारीख. मी हिला विचारलं, ही म्हणाली, मी कशाला करू, मला त्या माणसाचा नंबरसुद्धा माहीत नाही. मी म्हटलं, मग दुसऱ्याच कुणाच्या घरून गेला असेल, त्याची गल्लत झाली. ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुम्हाला भिंगाच्या दिव्याखाली तरी काही दिसतं का हो?

चिरंजीवांनी लेथचं चाक हातानं एकदा फिरवून बघितलं. मग म्हणाला, दुसरा कुणी बघू का? मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, राहू दे. पण चक फिरताना कुणीतरी शेडमध्ये हवं, एकट्यानं नाही. मी म्हटलं, सूनबाई असतेच, तिला तिथे नेट मिळतं. यावर तो हसला. का हसला ते कळलं नाही.

दुपारी सूनबाई नवा कागद घेऊन आली. मंडळींना आता बंदरावरची क्रेन करायचीय. बारा सिलिंडर. कागद बघून मी चकित झालो. सगळी मापं तिनं माझ्यासाठी सुतात लिहिलीत. नळी सहा सूत, लांबी एकशे वीस सूत म्हणजे अठ्ठेचाळीस घरं. अक्षर सुबक. मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक मापाशेजारी मिलिमीटर लिहीत गेलो.

ही चहा घेऊन आली होती. आम्हा दोघांची डोकी एका कागदावर बघून म्हणाली, "जुळलं म्हणायचं एकदाचं तुमचं सूत."

मी म्हटलं, जुळलं कुठे? अठ्ठेचाळीस घरांत तीन मिलिमीटर कमी पडतंय.

दोघी का हसल्या कोण जाणे. उद्या सकाळी नळी कापायला घेतो. आठनं मोजून.